डावीकडून

आज गारुआ डावीकडून गेली.

एवढंच.
खाल्लं तिने. पाणी प्यायली.
घोड्यावर खोगीर चढताना भुंकली रोजच्यासारखी.
शीळ घातली तशी सुटलीही,
पण मेंढ्यांना वळसा घालायला
आठ वर्षांत पहिल्यांदा
डावीकडून.

वारा असेल, म्हटलं.
पातागोनियात कशालाही वारा म्हणता येतं.
छपराचा पत्रा गेला, वारा.
बायको पुंता अरेनासला बहिणीकडे गेली
ती परतली नाही, वारा.

दुपारी ओढ्याशी अडली.
उडीची जागा तीच, दगड तोच,
पाय उचलला, पुन्हा ठेवला,
मग खालच्या अंगाने, पाण्यातून आली
आणि माझ्याकडे बघितलंच नाही.
कुत्रं चुकलं की बघतं.
काही लपवत असलं
तर कलाफातेच्या झुडपाचा वास घेत उभं राहतं,
फार मन लावून.

कुठेतरी माशी शिंकली होती.

संध्याकाळी रेडिओवर कारभारी बार्रिआ.
खातेय? खातेय.
ओकली? नाही.
लंगडतेय? नाही.
मग झालंय काय तिला, मान्सिया?
म्हटलं, डावीकडून गेली.
खरखर. मग कोणीतरी हसलं,
बार्रिआ नव्हे, त्याच्या मागचं कोणी.
शनिवारी ट्रक येईल, म्हणाला, तेव्हा बघू.
मेंढ्यांचा आकडा सांग.
एक कमी होती.
मी आकडा पुरा सांगितला.

कुत्र्याला बोलता येत नाही म्हणणारे
कुत्र्याबरोबर एकटे राहिलेले नसतात.
कान मागे आणि पोट जमिनीला, तर प्यूमा.
चालता चालता नुसतीच बसली,
तर कुठेतरी मेंढी उताणी पडलीय, उठवायला जा.
आणि तो हिवाळा, मला ताप चढला होता तेव्हाचा,
तीन दिवस ती दारातून हलली नाही.
मेंढ्या कुंपणापर्यंत विखुरल्या.
कामचुकार म्हणून मी शिवी हासडली,
बूट फेकून मारला.
बूट तिने उचलून आणला
आणि बघत राहिली
मी कुठल्या कुशीवर वळतो ते.

रात्री चुलीपाशी तिला गुडघ्यांत धरलं.
पंजे चाचपले, बोटांच्या बेचक्यांत काटा नाही.
हिरडी दाबली, रंग परत आला.
कान गरम नाहीत, पोट मऊ.
परक्या माणसाने खिशात हात घालावा
तशी अंग चोरून उभी.
मग कंदील उजवीकडून नेला, मान वळली.
डावीकडून नेला.
काचेची धग मिशांना लागेपर्यंत
काही नाही.

डाव्या बुबुळावर साय धरली होती,
दूध कोमट असताना धरते तेवढी, पातळ.
डावीकडून वळसा घातला
की मेंढ्या उजव्या डोळ्यात राहतात.
तिने हे कधी ठरवलं?
किती दिवस अंगावर काढत होती?
आणि मी, डोळ्यात तेल घालून बघणारा,
बघत होतो मेंढ्या.

तिने माझ्या मनगटावरचं मीठ चाटलं,
जांभई दिली. विषय संपला.

सकाळी खोगीर पाहताच
भिंगरीसारखी फिरली, एकाच बाजूने.
मी काही बोललो नाही.
घोडा तिच्या डाव्या अंगाला ठेवला,
जरा मागे, जिथे मी तिच्यासाठी नसतो.
उतारावर त्याच बाजूने एक मेंढी फुटली.
शीळ न घालता मीच वळवली,
वाकडीतिकडी, घोडा घसरवत,
जन्मात इतकं वाईट काम केलं नसेल.

गारुआ थांबली.
अख्खं डोकं फिरवून
उजवा डोळा माझ्यावर ठेवला.

मी खाली उतरलो
आणि खोगिराचा पट्टा तपासत उभा राहिलो,
फार मन लावून.